कुणी न घातलेलं विसण

एप्रिलचा शेवटचा आठवडा. अमेरिकेतल्या युटा राज्यात, ब्राइस कॅन्यनजवळचा कॅम्पग्राउंड. उंची आठ हजार फुटांच्या आसपास, त्यामुळे दिवसा ऊन आणि रात्री पाणी गोठेल अशी थंडी. भाड्यानं आणलेला ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, जागेवर लावला. विजेची केबल जोडली, पाण्याचा पाइप जोडला आणि भिंतीवरचं पाणी तापवायच्या हीटरचं बटण दाबलं. तासाभरानं गरम पाण्याचा नळ सोडला तर हात बधिर करणारं पाणी. धार मात्र झकास.

सांगलीहून आलेली आई शाल गुंडाळून बघत होती. "बंबात पाणी आहे का बघितलंस?"

"अगं, नळाला येतंय की पाणी."

"नळाचं नाही विचारत. बंबाचं विचारतेय."

तिच्या समाधानासाठी बाहेर गेलो. ट्रेलरच्या कडेला हीटरचं पत्र्याचं झाकण असतं, ते उघडलं आणि वरच्या रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे दाब वाढला की पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेचा दांडा उचलला. पाण्याचा थेंब नाही. टाकी कोरडी ठणठणीत, आणि मी तासभर तिच्यात विजेचा हीटर चालू ठेवला होता.

आईनं बंब म्हटलं ते अगदी बरोबर होतं. बंबात मधल्या नळकांड्यात जाळ आणि भोवती पाणी. ट्रेलरच्या हीटरमध्येही ज्योत एका नळीत शिरते, ती नळी टाकीतल्या पाण्यातून वळून पुन्हा बाहेर येते आणि धूर बाहेरच्या जाळीतून निघून जातो. करवंट्या आणि लाकडाच्या ढलप्यांऐवजी प्रोपेन गॅस, आणि जोडीला बुडातून आत शिरलेली विजेची कांडी, एवढाच फरक. रिकाम्या बंबाला जाळ घालायचा नाही हा नियम दोन्हीकडे सारखाच. कांडीत तयार होणारी उष्णता पाणी सतत ओढून घेतं म्हणून ती टिकते. भोवती नुसती हवा असेल तर तेवढी उष्णता जायला वाट नसते आणि कांडी बघता बघता जळते.

पण टाकी रिकामी असताना गरम नळाला पाणी आलं कुठून? इथेच नवखा माणूस फसतो. बर्फ होताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं आणि पाइप फुटतात. म्हणून हिवाळ्यात ट्रेलर उभा करून ठेवताना टाकी रिकामी करतात आणि नळांच्या पाइपांत न गोठणारं गुलाबी द्रव भरतात. ते सहा गॅलनच्या टाकीत फुकट जाऊ नये म्हणून टाकीला वळसा घालणारा एक छोटा पाइप आणि त्याचे व्हॉल्व्ह असतात. वळसा चालू असला की गार पाणी टाकीत न शिरता थेट गरम पाण्याच्या पाइपात जातं. वसंतात हे व्हॉल्व्ह परत फिरवायचे असतात. आमच्या ट्रेलरमध्ये ते फिरवायचे राहिले होते. पलंगाखालची फळी काढून मी ते फिरवले, तेव्हा टाकीत पाणी शिरतानाचा गडगडाट मिनिटभर ऐकू येत होता. आई नुसती हसली.

विजेची कांडी गेली, आता भिस्त गॅसवर. बटण दाबलं की बाहेर टकटक ठिणग्या पडतात, भस्स आवाज होतो आणि ज्योत पेटते. पेटली हे आतल्या सर्किटला कळतं कसं? तिथे कॅमेरा नसतो की उष्णता मोजणारी तार नसते. ज्योत स्वतः वीज वाहून नेते. जळताना तिच्यात विद्युतभारित कण तयार होतात. सर्किट ज्योतीत घुसलेल्या एका सळईला आलटूनपालटून दिशा बदलणारा दाब देतं. सळई बारीक आणि समोरचा बर्नर मोठा, त्यामुळे एका दिशेनं प्रवाह जास्त वाहतो, उलट्या दिशेनं अगदी कमी. हाती उरतो तो एकाच दिशेचा, अँपिअरच्या काही दशलक्षांश एवढा प्रवाह. तेवढ्यावर सर्किट गॅस चालू ठेवतं. सळईवर काजळी धरली किंवा बर्नरचा पत्र्याशी सांधा गंजला की ज्योत डोळ्यांना दिसते, पण सर्किटला दिसत नाही. मग ज्योत लागते, काही सेकंदांत विझते, पुन्हा लागते, पुन्हा विझते. अशा वेळी लोक गॅसचा रेग्युलेटर बदलतात. मी आधी सॅंडपेपरनं सळई घासेन.

आमची ज्योत मात्र लागेचना. तीन प्रयत्नांनंतर आतला लाल दिवा लागला आणि सगळं बंद. गॅसच्या पाइपात हवा भरलेली होती. स्वयंपाकाची शेगडी दोन मिनिटं पेटवून ती हवा काढून टाकली, बटण बंद करून पुन्हा चालू केलं, आणि भस्स! थंडीचा दोष नव्हता, कारण प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायूरूपात राहतो. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये ब्युटेनही असतो आणि तो शून्याच्या जरासा खालीच द्रव होतो. हिमालयात सिलिंडर रुसतो तो यामुळे.

आता थोडा हिशोब, कारण ट्रेलरमधल्या बऱ्याच तक्रारी बिघाडाच्या नसतात, हिशोबाच्या असतात. सहा गॅलन म्हणजे २२.७ लिटर, आपली एक बादली आणि वर दोन तांबे. दहा अंशांचं एवढं पाणी साठ अंशांवर न्यायला साधारण ४,७५० किलोज्यूल लागतात. अमेरिकेतल्या १२० व्होल्टच्या विजेवर ही कांडी १,४४० वॅटची असते, म्हणजे पाऊण तास उलटून वर दहा मिनिटं. गॅसचा बर्नर ताशी १२,००० बीटीयूचा, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. त्यातली पाऊण उष्णता पाण्यात उतरली असं धरलं तर अर्धा तास. म्हणून घाई असेल तेव्हा लोक दोन्ही बटणं दाबतात. साठ अंशांचं पाणी तसंच अंगावर घेता येत नाही, काही सेकंदांत भाजतं. विसण घालून चाळीस अंशांवर आणलं की २२ लिटरचे ३८ होतात. मोठ्या शॉवरखाली ते चार मिनिटांत संपतात. आईनं बादली भरून घेतली, तांब्यानं आंघोळ केली, आणि पुढच्या माणसाला दुसरी बादली उरली. या यंत्राचं माप शॉवरचं नाहीच, ते बादलीचं आहे.

विसणाची गंमत दुसऱ्या दिवशी झाली. पाणी कोमट. टाकी भरलेली, ज्योत निळी, टाकीवरचा पाइप हात लावू नये इतका गरम, आणि नळाला मात्र कोमट धार. शेवटी सापडलं ते ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला. तिथे पाय धुवायला छोटा हात-शॉवर असतो. मुलांनी लाल मातीचे पाय धुतले आणि शॉवरच्या मुठीवरचं बटण दाबून पाणी बंद केलं. मागचे गरम आणि गार असे दोन्ही कॉक उघडेच राहिले. पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, पण दोन्ही पाइप तिथे एकमेकांना जोडले गेले. घरात कुणी गरम नळ सोडला की गार पाणी तिथून गुपचूप गरम पाइपात घुसायचं. कुणी न घातलेलं विसण! हे ओळखायची खूण सोपी आहे. वळसा बंद आहे याची खात्री करून हीटरकडे जाणारं गार पाणी बंद करायचं आणि गरम नळ सोडायचा. धार थांबली तर ठीक. वाहतच राहिली तर कुठेतरी गार पाणी शिरतंय.

रिलीफ व्हॉल्व्हमधून ठिबकणारं पाणी पाहून लोक घाबरतात. दहाचं साठ अंश होताना पाणी दीड टक्क्याहून थोडं जास्त फुगतं, २२.७ लिटरला पावणेचारशे मिली. टाकीच्या वरच्या भागात हवेचा कप्पा ठेवलेला असतो, तो दबतो आणि ही वाढ सामावून घेतो. ती हवा हळूहळू पाण्यात विरघळून निघून गेली की जादा पाणी व्हॉल्व्हमधून बाहेर येतं. हीटर बंद करून टाकी पूर्ण गार होऊ द्यायची, पाणीपुरवठा बंद करायचा, गरम नळ उघडायचा आणि व्हॉल्व्हचा दांडा वर धरायचा. धार थांबली की सोडायचा. हवा परत आत गेलेली असते. व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याला बूच मारणं हा मात्र बॉम्ब बनवायचा प्रकार आहे.

पाण्याला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर टाकी पोलादी आहे का ते बघावं. पोलादी टाकीत मॅग्नेशियमची सळई असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजू देत नाही. ही युक्ती हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळावर ठोकलेलं तांबं वाचवायला सुचवली होती. तांबं वाचलं, पण त्यावर शंखशिंपले इतके चिकटले की जहाजं मंदावली. टाकीत शिंपले येत नाहीत, जिवाणू येतात. पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे हे जिवाणू मॅग्नेशियमच्या झिजेतून निघालेला हायड्रोजन वापरतात आणि वासाचा वायू सोडतात. ब्लीचनं टाकी धुवून सळई बदलली की वास जातो. ॲल्युमिनियमच्या टाकीत सळई नसतेच, तिथे ती शोधण्यात वेळ घालवू नये.

ज्योत निळीऐवजी पिवळी आणि आळशी दिसली तर बर्नरच्या नळीत कोळ्यानं घर केलंय का बघावं. बाटली धुवायच्या बारीक ब्रशनं ते निघतं.

परत आल्यावर ट्रेलरच्या मालकाला सगळं सांगितलं आणि कांडी बदलून द्यायचं कबूल केलं. वीज तोडून, टाकी रिकामी करून मीटर लावला. १२० व्होल्टवर १,४४० वॅट म्हणजे १२ अँपिअर, म्हणजे मीटरवर १० ओहम यायला हवे होते. काटा हललाच नाही. कांडी बाहेर काढली तर वरच्या वळणापाशी नखाएवढी चीर होती.