पंगतीतले पंडित : ग्रीक मेजवानी-साहित्याची पार्श्वभूमी

इ.स. २००च्या सुमारास इजिप्तमधल्या नॉक्रॅटिस गावच्या अथेनेयस या ग्रीक लेखकाने पंधरा भागांचा एक ग्रंथ लिहिला, ‘दैप्नोसोफिस्ताय’, म्हणजे ‘पंगतीतले पंडित’. प्रसंग असा : रोममध्ये लॅरेन्सिस नावाच्या धनिकाकडे वैयाकरण, वैद्य, तत्त्वज्ञ, कायदेपंडित आणि वादक जेवायला जमतात, आणि पानात जे येईल त्यावर जुन्या ग्रंथांतले उतारे म्हणून दाखवतात. मासा आला की माशावर, पेला आला की पेल्यावर. सातव्या भागात मासे आणि अकराव्यात पेले चक्क वर्णानुक्रमाने येतात. ग्रंथ सलग वाचणं जड जातं हे खरं, आणि अनेक अभ्यासकांनी अथेनेयसला पढतमूर्ख ठरवून बाजूला सारलंही आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. त्याचे पाहुणे असे का बोलतात हे समजायचं तर त्यांच्यामागची जवळजवळ हजार वर्षांची परंपरा बघावी लागते.

होमरच्या काव्यात पंगतीतला जाणता माणूस म्हणजे गायक. ‘ओडिसी’च्या आठव्या सर्गात अंध देमोडोकसला निरोप्या राजवाड्यात आणतो, चांदीच्या खिळ्यांच्या आसनावर बसवतो, डोक्यावरच्या खुंटीला वीणा टांगतो आणि ती हाताला कशी लागेल हे दाखवून देतो. मग शेजारी भाकरीची टोपली आणि वाइनचा पेला ठेवतो. पुढे ओडिसियस आपल्या वाट्याच्या डुकराच्या पाठीचा चरबीदार तुकडा कापून त्याला पाठवतो. मान मोठा आहे, पण देमोडोकस कुणाशी वाद घालत नाही. तो गातो, बाकीचे ऐकतात.

ऐकणाऱ्यांवर बोलायची पाळी आली ती त्यानंतर. होमरचे वीर बसून जेवत. पुढे उच्चकुलीन ग्रीक पुरुषांनी पूर्वेकडची चाल उचलली आणि ते पलंगावर डाव्या कोपरावर रेलू लागले. जेवण उरकलं की मेजं उचलायची, हात धुवायचे, देवांना वाइन अर्पण करायची आणि मग ‘सिंपोजियन’, म्हणजे एकत्र पिण्याची बैठक, सुरू. खोली लहान, भिंतींलगत बहुधा सात किंवा अकरा पलंग, त्यामुळे प्रत्येकजण प्रत्येकाला दिसणार आणि ऐकूही येणार. वाइनमध्ये पाणी मिसळलेलं असे. पेला ओळीने फिरे, गाणंही ओळीने फिरे, आणि आपली पाळी आली की काहीतरी म्हणणं भाग पडे. माझ्या मते विद्वान पाहुण्याचा जन्म या बैठकीच्या रचनेतच आहे.

इ.स.पू. सहाव्या शतकात जन्मलेला कवी-तत्त्वज्ञ झेनोफनीस अशाच एका बैठकीचं वर्णन करतो : स्वच्छ फरशी, धुतलेले हात आणि पेले, फुलांच्या माळा, सोनेरी भाकरी, चीज, मध. नोकराच्या आधाराशिवाय घरी जाता येईल इतकंच प्यावं, फार म्हातारा असेल तर गोष्ट वेगळी. आणि टायटन, राक्षस, सेंटॉर यांच्या लढायांच्या कपोलकल्पित कथा इथे सांगू नयेत, त्यात काही हित नाही. पंगतीत काय बोलावं याचा विचार इथे उघडपणे सुरू झालेला दिसतो.

प्लेटोने तो फार पुढे नेला. त्याचा ‘सिंपोजियम’ घडतो इ.स.पू. ४१६मध्ये, नाटककार अगाथॉनला पहिलं बक्षीस मिळाल्यानंतर. पाहुण्यांना आदल्या रात्रीची चढलेली अजून पुरती उतरलेली नाही, म्हणून पिण्याची सक्ती नको असं ठरतं. वैद्य एरिक्सिमाकस बासरीवालीला बाहेर पाठवायला सांगतो आणि प्रत्येकाने ओळीने प्रेमदेवतेची स्तुती करावी असं सुचवतो. विनोदी नाटककार ॲरिस्टोफनीसची पाळी येते आणि त्याला उचकी लागते. वैद्य उपाय सांगतो (श्वास रोखून धर, गुळण्या कर, नाहीच थांबली तर नाकाला काहीतरी लावून शिंक काढ) आणि त्याच्या जागी स्वतः बोलतो. हा उचकीचा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. तत्त्वज्ञान बोलणारी माणसं शरीरासकट समोर असतात, त्यांचं खाणंपिणं आणि बोलणं एकाच खोलीत चाललेलं असतं. सॉक्रेटिसची पाळी आली की तो आपलं मत मांडण्याऐवजी दिओतिमा नावाच्या बाईने आपल्याला काय शिकवलं ते सांगतो. अथेन्समध्ये घरच्या बायकांना या खोलीत जागा नव्हती. पण संवादातला सर्वांत मोठा विचार तिथे हजर नसलेल्या बाईच्या तोंडचा आहे.

सॉक्रेटिसचाच शिष्य झेनोफन याचा ‘सिंपोजियम’ याहून हलकाफुलका. कॅलियस या श्रीमंताकडे विदूषक आहे, नाचणारी मुलं आहेत आणि आपल्यालाही नाच शिकायचाय म्हणणारा सॉक्रेटिस आहे. पुढे ॲरिस्टॉटल, स्प्यूसिपस, एपिक्युरस यांनीही पंगतीतल्या संभाषणांवर लिहिल्याचं नंतरचा ग्रीक लेखक प्लूटार्क नोंदवतो. ती पुस्तकं हरवली.

मग राजे आले. अलेक्झांड्रियाच्या म्युझिअम या विद्यापीठासारख्या संस्थेतले विद्वान राजाश्रयाने एकत्र जेवत. ‘ॲरिस्टियसचं पत्र’ या ग्रंथात टॉलेमी राजा ज्यू धर्मग्रंथांच्या ७२ अनुवादकांना सात दिवस मेजवानी देतो आणि प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारतो. प्रत्येक उत्तराला राजा मान डोलावतो आणि पुढच्याकडे वळतो. वाद नाही, उलटतपासणी नाही. प्लेटोनंतर हे वाचताना घुसमटायला होतं.

प्लूटार्कने पंगत पुन्हा घरी आणली. इ.स. १००च्या आसपासची त्याची ‘मेजावरची संभाषणं’ नऊ भागांत आहेत, आणि त्यांत आजोबा, वडील, भाऊ, गुरू, मित्र सगळे बोलतात. आधी कोंबडी की अंडं, हा प्रश्न तिथे गंभीरपणे चर्चिला जातो. एका प्रकरणात भाऊ टिमॉन पाहुण्यांना हवं तिथे बसू देतो. उशिरा आलेला एक भपकेबाज परदेशी लवाजम्यासह दारातूनच सगळीकडे नजर फिरवतो, आपल्या योग्यतेचं मानाचं पान उरलेलं नाही हे बघतो आणि तसाच परत जातो. झालं, सगळं घर वादाला बसतं. वडील म्हणतात, जागा यजमानाने ठरवून द्यायला हव्या होत्या. टिमॉन म्हणतो, पाहुण्यांची प्रतवारी करायला मी न्यायाधीश आहे का? दुसरा भाऊ लाम्प्रियस सुचवतो की शिकलेल्याशेजारी शिकू इच्छिणाऱ्याला बसवावं.

त्याच प्लूटार्कच्या ‘सात ज्ञान्यांच्या मेजवानी’त कोरिंथचा सत्ताधीश पेरियांडर यजमान आहे. थेलीस, सोलोन वगैरे पाहुण्यांबरोबर इसापही आहे, सोलोनच्या पलंगाशेजारी खुजा स्टूल घेऊन बसलेला. इथिओपियाच्या राजाने इजिप्तच्या राजाला घातलेलं कोडं येतं : समुद्र पिऊन दाखव. सात ज्ञान्यांपैकी बियास उत्तर सुचवतो, पितो, पण आधी समुद्राला मिळणाऱ्या नद्या थांबवा.

दुसऱ्या शतकात उपहासकार ल्यूशियनने या परंपरेवर आसूड ओढला. त्याच्या लग्नाच्या मेजवानीत सगळ्या पंथांचे तत्त्वज्ञ आहेत. जाडजूड पक्षी कुणी उचलायचा यावरून स्टोइक आणि एपिक्युरियन हमरीतुमरीवर येतात, आणि फेकलेला पेला नवरदेवाच्या डोक्यात बसतो.

या सगळ्यानंतर अथेनेयस येतो. त्याच्या पंगतीतला टायर शहरचा पाहुणा उल्पियन प्रत्येक पदार्थाआधी विचारतो, हा शब्द जुन्या लेखकांत सापडतो की नाही? उत्तर मिळाल्याशिवाय तो घास घेत नाही. हा पाहुणा स्वतःचं फार थोडं बोलतो, हे मान्य. पण तो सुमारे ८०० लेखकांच्या जगात राहतो, आणि त्यातले बहुतेक आज दुसरीकडे कुठेच भेटत नाहीत. वर सांगितलेली झेनोफनीसची कविता आपल्याला मिळाली ती अथेनेयसमुळेच. प्लेटोच्या ‘गॉर्गियास’ या संवादामध्ये ज्याचं नाव येतं त्या सिसिलीच्या मिथीकसच्या पाकपुस्तकातली एक कृतीही त्याच्याकडेच आहे : फितीसारख्या लांबट माशाची आतडी काढा, डोकं टाका, धुवा, तुकडे करा, वर चीज आणि तेल घाला. आणि त्याच, माशांच्या सातव्या भागात आर्केस्ट्रेटस हा खवय्या कवी दुसऱ्या एका माशाबद्दल बजावतो : अंजिराच्या पानात थोडा मरवा घालून गुंडाळ, गवताच्या दोरीने बांध, गरम राखेत ठेव, चीज नको, थिल्लरपणा नको. दोन हरवलेल्या पुस्तकांतलं हे भांडण एकाच पंगतीत ऐकायला मिळतं. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या अँटिफनीस, ॲलेक्सिस अशा विनोदी नाटककारांची शेकडो नाटकं गेली. त्यांच्याबद्दल जे कळतं त्याचा मोठा भाग याच पाहुण्यांच्या तोंडून आलेला आहे.

अथेनेयस स्वतः वाचला तोही जेमतेम. दहाव्या शतकाच्या सुमारास केलेली एकच प्रत पंधराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलहून इटलीत आली आणि आज ती व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयात आहे. संपूर्ण मजकुराच्या इतर हस्तलिखित प्रती तिच्यावरूनच उतरलेल्या. १५१४मध्ये व्हेनिसलाच आल्दुस मानुतियसने ग्रंथ प्रथम छापला, १६००मध्ये इझाक कासोबॉनने त्यावर प्रचंड भाष्य लिहिलं. पण त्या प्रतीची सुरुवातीची पानं आधीच गळालेली होती. त्यामुळे पहिले दोन भाग, तिसऱ्याचा आरंभ आणि पाहुण्यांची ओळख करून देणारी पानं आपल्याकडे फक्त एका अनामिक वाचकाने केलेल्या संक्षेपात उरली आहेत.