ब्रेक पॅड निवडायचे ते तापमान पाहून

दीड टनाची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून ८० वर आणायची, तर साधारण १९ लाख जूल ऊर्जा काही सेकंदांत जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेत साडेपाच लीटर थंड पाण्याला उकळी फुटेल. ब्रेकमध्ये तिची उष्णता होते आणि बहुतेक वाटा पुढच्या दोन डिस्कच्या, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या तबकड्यांच्या, पदरात पडतो. एक डिस्क आठ किलोची धरली, तर एकदा जोरात ब्रेक दाबला की तिचं तापमान पावणेदोनशे अंशांच्या आसपास वाढतं. ती पुरती निवण्याआधीच शर्यतीच्या ट्रॅकवर पुढचं वळण आलेलं असतं. उलट शहरात ताशी ५० वरून गाडी पूर्ण थांबवायची तर दीड लाख जूलही लागत नाहीत.

त्यामुळे ‘सगळ्यात भारी पॅड कुठला?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. किती तापमानाला भारी, ते आधी ठरवावं लागतं.

डिस्कवर दाबला जाऊन तिला रोखणारा पॅड म्हणजे धातूची भुकटी, तंतू, ग्राफाइट वगैरेंचं रेझिनने (राळेसारख्या पदार्थाने) बांधलेलं मिश्रण. रस्त्यावरच्या पॅडचा घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, बहुधा ०.३५ ते ०.४५ असतो. मुख्य म्हणजे गारठलेल्या सकाळी पहिल्यांदा पेडल दाबलं तरी ब्रेक लागतो. पण तापमान ४०० अंशांच्या आसपास गेलं की अशा बऱ्याच पॅडमधलं रेझिन विघटित होऊ लागतं, त्यातून वायू सुटतात आणि पकड ढिली पडते. ट्रॅकचे पॅड ६००-७०० अंशांनाही टिकून राहतात. मात्र त्यातले अनेक थंड असताना नीट धरत नाहीत, कर्कश ओरडतात आणि डिस्क खरवडून काढतात. घरून निघाल्यावर पहिल्याच सिग्नलला गाडी अपेक्षेपेक्षा चार हात पुढे जाऊन थांबणं हा काही शर्यतीचा आनंद नव्हे.

ट्रॅकवर ब्रेक कमी पडू लागले की दोष कुणाचा, ते पाय सांगतो. पेडल कडक आहे, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून हरले. पेडल मऊ होऊन खाली जात असेल, तर बहुतेक वेळा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ वर येते. महागडे पॅड घालून जुनंच ऑइल ठेवणाऱ्यांची मला खरोखर कमाल वाटते.

आता पुढे-मागे. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो. याच दीड टनाच्या गाडीचा ६० टक्के भार एरवी पुढे असेल, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि दोन आसांत २.६ मीटर अंतर असेल, तर कोरड्या ट्रॅकवर कडक ब्रेकिंगमध्ये पुढच्या चाकांवर जवळजवळ ८० टक्के भार येतो. ओल्या रस्त्यावर टायरची पकड निम्मी झाली, तर ७० टक्केच. मागची चाकं हलकी झालेली असतात, त्यामुळे मागच्या ब्रेकला काम कमी आणि तापही कमी.

यातून दोन मोह होतात. पहिला, फक्त पुढचे पॅड तगडे घेण्याचा. मग पुढची चाकं लवकर लॉक व्हायला (फिरायची थांबून घसरायला) जातात, ते टाळणारी एबीएस ही यंत्रणा मध्ये पडते आणि मागच्या टायरची शिल्लक पकड वाया जाते. थांबायचं अंतर वाढूही शकतं. दुसरा, चारही चाकांना तोच जहाल पॅड घालण्याचा. मागे तो त्याच्या कामाच्या तापमानापर्यंत पोहोचेलच असं नाही. म्हणूनच अनेक जण एकाच मालिकेतला, पण कमी तापमानाला जागा होणारा पॅड मागे घालतात. मागे पुढच्यापेक्षा जास्त पकडीचा पॅड मात्र नको. पुढची चाकं आधी लॉक झाली तर गाडी सरळ घसरत जाते, मागची झाली तर गिरकी घेते. एबीएस सावरायला धावतं, पण त्याच्या भरवशावर असमतोल मांडून ठेवू नये.

एक अपवाद गंमतशीर आहे. काही गाड्यांमध्ये स्थिरता नियंत्रण यंत्रणा वळणावर मागचं एकेक चाक स्वतःहून ब्रेक लावून सावरते. अशा गाडीत ट्रॅकवर मागचे पॅड पुढच्यांआधी संपलेले दिसतात.

रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी एकच पॅड मिळतो, पण तो तडजोडीचा. अधूनमधून ट्रॅकवर जाणाऱ्याला तो पुरेल. वरचेवर जाणाऱ्याने दोन संच ठेवावेत आणि ट्रॅकवर पोहोचून बदलावेत. फक्त, पॅड डिस्कवर आपल्या पदार्थाचा पातळ थर चढवतो आणि घर्षणाचं बरंचसं काम त्या थरावर चालतं. पॅड बदलला की हळूहळू ताप वाढवत ब्रेक लावून नवा थर बसवावा लागतो. तो डागाडागांनी बसला की पेडल थरथरतं आणि ‘डिस्क वाकली’ म्हणून चांगली डिस्क भंगारात जाते.