स्टेशनची प्रतिकृती (रेल्वे लेआउट), मराठवाडा

एखादे खरे स्टेशन रूळ, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड), इमारती, मालधक्का, फाटक आणि आजूबाजूच्या जमिनीसह ठरावीक प्रमाणात लहान करून, त्यावर गाड्या चालतील अशा बेताने उभे करणे म्हणजे स्टेशनची प्रतिकृती. छंदातले लोक तिला नुसते ‘लेआउट’ म्हणतात. लेआउट काल्पनिकही असतो. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून असलेल्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयातले शहर कोणत्याही एका गावाची नक्कल नाही. खऱ्या स्टेशनच्या लेआउटला मात्र पाहणारा साक्षीदार असतो. त्या स्टेशनवर आयुष्य काढलेला माणूस येऊन ‘पाण्याची टाकी या अंगाला नव्हती’ असे म्हणू शकतो, आणि बहुधा त्याचेच बरोबर असते.

मराठवाड्यात हे काम करणाऱ्याने स्टेशन ठरवण्याच्या आधी साल ठरवावे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड अशी हैदराबादेकडे जाणारी लाइन विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात मीटरगेज म्हणून टाकली गेली. मनमाड ते पूर्णा हा पट्टा १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. पूर्णा–हिंगोली–अकोला मार्गाला २००८ साल उजाडले. लातूरला बार्शी लाइट या छोट्या रेल्वेची नॅरोगेज होती. एकाच गावाचे १९७५ चे आणि २०१५ चे स्टेशन ही लेआउटपुरती दोन वेगळी स्टेशने. पूर्णा १९८० साली दाखवायचे तर वायपी, वायजी ही वाफेची इंजिने, वायडीएम-४ डिझेल, हाताने ओढायचे सिग्नल आणि कोळशाची धग लागलेल्या भिंती हव्यात. वाफेच्या इंजिनाशेजारी हल्लीचे निळे-लाल एलएचबी डबे उभे केले की लेआउट खेळणे होतो. हा हट्ट अनेकांना जाचक वाटतो, पण तो सोडला तर खऱ्या स्टेशनचे नाव पाटीवर लिहिण्यात अर्थ नाही.

साल ठरले की गेजचे, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचे, गणित येते. सर्वाधिक प्रचलित एचओ प्रमाण १:८७ आहे आणि त्याचा तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा मिळतो. ही रुंदी युरोपच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी बेतलेली आहे. आपले १६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज १:८७ मध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटर भरते, म्हणून तयार रुळावर भारतीय डबा उभा केला की तो अरुंद पायांवर उभा असल्यासारखा दिसतो. काही जण रूळ हाताने ठोकतात, काही जण प्रमाणच सुमारे १:१०० वर नेतात, बाकीचे डोळेझाक करतात. मीटरगेजला १२ मिलिमीटरचा रूळ चालतो. नॅरोगेजचे मात्र नशीबच चांगले: ७६२ मिलिमीटर भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ, आणि बाजारात एन या आणखी लहान प्रमाणाचा ९ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो. जपानी एन गेज इंजिनाची चाके आणि मोटर घेऊन वर थ्रीडी प्रिंट केलेले बार्शी लाइटचे कवच बसवता येते.

म्हणूनच मराठवाड्यातल्या पहिल्या लेआउटसाठी जुन्या लातूरइतके सोयीचे स्टेशन नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेली बार्शी लाइट १८९७ साली कुर्डुवाडी (तेव्हाचे बार्शी रोड) ते बार्शी अशी सुरू झाली, १९११ मध्ये लातूरला पोचली. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे त्याचे सूत्र होते. त्यामुळे रूळ हलके आणि गाडी मात्र बऱ्यापैकी मोठी. त्याचे सुरुवातीचे मालडबे २५ फूट लांब होते, म्हणजे लेआउटवर जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटर. आठ-दहा डब्यांची मालगाडी एका फळीवर मावते. शिवाय लातूर हे टोकाचे स्टेशन होते. गाडी आल्यावर इंजिन सोडायचे, लूपवरून (शेजारच्या मोकळ्या रुळावरून) मागे न्यायचे, दुसऱ्या टोकाला जोडायचे, मग मालधक्क्यावरचे डबे काढायचे. इथे इंजिन गोल गोल फिरत नाही, काम करते. लातूर–उस्मानाबाद (आता धाराशिव) पट्टा २००७ मध्ये आणि पुढे कुर्डुवाडीपर्यंत २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. नवी लाइन उस्मानाबाद शहरावरून वळवली गेली आणि लातूरचे स्टेशनही गावातून बाहेर गेले. जुन्या स्टेशनची मापे आता बहुतेक फोटोंवरून आणि माणसांच्या आठवणींवरून काढावी लागतात.

फोटोवरून माप काढायची युक्ती साधी आहे. चित्रात माहीत असलेली एक वस्तू शोधायची आणि तिच्या पटीत बाकीचे मोजायचे. रुळांमधले अंतर पक्के माहीत असते, दाराची उंची साधारण ठाऊक असते, विटांचे थर मोजता येतात. चालू स्टेशनवर मात्र टेप काढण्याआधी स्टेशन मास्तरांना भेटावे. प्लॅटफॉर्म तिकीट काढूनही हातात टेप आणि वही असलेल्या माणसाला पोलीस हटकतातच, आणि ‘लेआउट करतोय’ हे उत्तर त्यांना पटत नाही.

जागेची अडचण सगळ्यांनाच असते. २४ डब्यांच्या गाडीचा प्लॅटफॉर्म सुमारे ५४० मीटर लांब असतो, १:८७ ने तो सव्वासहा मीटर होतो आणि दहा बाय बाराच्या खोलीत मावत नाही. मग लांबी आखडून घ्यावी लागते. नियम एवढाच की लांबी कापावी, उंची आणि रुंदी नाही. कमान, दार, खिडकी पूर्ण मापाची ठेवून मधला एखादा गाळा गाळावा. सांध्यांचा क्रम बदलू नये. स्टेशन ओळखू येते ते त्या क्रमावरून आणि इमारतीच्या छपरावरून.

जमिनीच्या बाबतीत परदेशी साहित्य फारसे उपयोगी नाही. त्यातले गवत इतके हिरवे असते की मराठवाड्यात श्रावणातही तसे दिसत नाही. महिना ठरवून रंग लावावा: मार्च असेल तर काळ्या रानाला भेगा, कडेला पिवळे वाळके गवत, शेतात पऱ्हाटीच्या काड्या, प्लॅटफॉर्मवर कडुनिंबाची पाने. झाडांचे खोड जुन्या वायरीच्या तांब्याच्या तारा पिळून होते, पाला रंगवलेल्या लाकडी भुशाचा. खडीसाठी क्रशरवरचा दगडाचा चुरा चहाच्या गाळणीने चाळून घेतात, रुळांत पसरतात आणि पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरने सोडतात. दगड अगदी खरा, कारण मूळ स्टेशनची खडीही याच काळ्या पाषाणाची. पण त्यात लोहाचे कण असतात आणि इंजिनाच्या मोटरमधले चुंबक ते ओढून घेते. चुऱ्यावरून आधी चुंबक फिरवून ते कण काढले नाहीत तर मोटर अडखळते. हे बहुतेकांना एक इंजिन गेल्यावर कळते.

पाया १२ मिलिमीटर प्लायवुडचा करतात. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशीच्या वर जातो आणि लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते. रुळांच्या जोडात थोडी फट न ठेवल्यास मे महिन्यात रूळ वाकून वर येतात. वीज १२ व्होल्टची. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार जोडावी, जोडपट्टीवर विसंबू नये. धूळ रोज बसते, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. भारनियमनाच्या दिवसांत इन्व्हर्टरवर गाडी चालवणारेही आहेत.

नव्या लातूरचा लेआउट करायचा झाला तर एप्रिल २०१६ हा काळ निवडण्यासारखा आहे. दुष्काळात मिरजेहून पाणी घेऊन ‘जलदूत’ गाडी लातूरला आली. पहिल्या खेपेला १० टँकर आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी, पुढे ५० टँकर आणि पंचवीस लाख लिटर. पन्नास टँकरांची गाडी १:८७ मध्ये सात मीटरच्या घरात जाते, ती घरात कुणाकडे मावणार नाही. दहा टँकरांची पहिली गाडी मात्र सुमारे दीड मीटरची होते, आणि तेवढी जागा भिंतीलगतच्या फळीवर निघते.