माग दर दुसऱ्या फेरीला थांबायला निघतो

परवा व्हॉट्सअॅपवर मॅनेजमेंटवाल्यांचा तो लाडका फॉरवर्ड परत आला. जपानमधला साकिची टोयोडा, सुताराचा मुलगा, आई हातमागावर राबताना बघून त्याचा जीव तुटायचा, म्हणून त्याने धागा तुटला की आपोआप थांबणारा जगातला पहिला माग बनवला, आणि त्यातूनच टोयोटा कंपनी, क्वालिटी, जिदोका (म्हणजे बिघाड झाला की यंत्राने आपणहून थांबायचं) वगैरे वगैरे. खाली पंधरा अंगठे आणि दोन नमस्कार.

आता टोयोडा मोठा माणूस होताच, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण माझं लहानपण इचलकरंजीत साध्या मागांच्या खटाक-खटाकमध्ये गेलं, आणि त्या काळ्या तेलकट लोखंडी मागांवर धागा तुटला की माग थांबवणारा एक छोटासा काटा असतोच असतो. साध्या मागाचं हे डिझाईन जपानचं नाही, ते इंग्लंडमधल्या लँकेशायरचं आहे, आणि लँकेशायर मागाला हा काटा लागला तेव्हा टोयोडाचा जन्मही झालेला नव्हता. 'जगातला पहिला' हे शब्द टाकले की फॉरवर्ड पळतो, एवढंच त्याचं कारण.

तर त्या काट्याबद्दल लिहितो, कारण इतकी हुशार वस्तू मी दुसरी बघितलेली नाही आणि तिचं कौतुक कोणी करत नाही.

आधी थोडी उजळणी. कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. ताणा मागच्या बीमवर गुंडाळलेला असतो, बाणा कांडीवर, म्हणजे छोट्या रिळावर, असतो आणि कांडी धोट्यात, म्हणजे इकडून तिकडे धावणाऱ्या होडीसारख्या लाकडी तुकड्यात, असते. ताण्याचे अर्धे धागे वर जातात, अर्धे खाली, मधून धोटा सट्टकन पलीकडे जातो, मग फणी पुढे येऊन तो आडवा धागा कापडाला ठोकून बसवते. ही झाली एक फेरी, म्हणजे एक पिक. साधा माग मिनिटाला साधारण दीडशे पिक मारतो.

आता समजा कांडी संपली किंवा बाणा तुटला. धोट्याला त्याचं काहीच सोयरसुतक नसतं, तो रिकामाच इकडून तिकडे उडत राहतो, फणी ठोकत राहते आणि पुढचा रोलर कापड गुंडाळत राहतो. इंचाला 60 पिकचं कापड धरलं तर दीडशेच्या स्पीडने मिनिटाला अडीच इंच. म्हणजे मागवाला दोन मिनिटं चहाला गेला तर पाच इंचाचा पट्टा असा की ज्यात फक्त उभे धागे, आडवा एकही नाही. झालं, तो तागा डॅमेज. आणि एकेक माणूस चार-चार, सहा-सहा माग बघतो, सगळीकडे डोळा कसा ठेवणार?

आता काटा. जेवणाच्या काट्यासारखाच पण हलका, दांड्या खाली वाकवलेल्या, मधोमध एका खिळ्यावर तराजूसारखा टेकवलेला. पुढे दांड्या आणि मागे शेपटी, शेपटीला आकडा. हा बसतो मागाच्या हँडलच्या बाजूला, कापडाची काठ संपते आणि धोट्याची पेटी सुरू होते त्या मधल्या जागेत. त्याच्या बरोबर समोर, फणीच्या शेजारी, एक छोटी जाळी असते, खिडकीच्या गजांसारखी.

धोटा या बाजूच्या पेटीत येऊन थांबला की कापडाच्या काठापासून धोट्यापर्यंत बाण्याचा धागा ताणलेला असतो, म्हणजे तो बरोबर त्या जाळीच्या समोरून गेलेला असतो. फणी ठोकायला पुढे आली की जाळीही पुढे येते आणि काट्याच्या दांड्यांवर येते. धागा असेल तर दांड्या जाळीत शिरू शकत नाहीत, धागा त्यांना मागे ढकलतो, काटा तराजूसारखा कलतो आणि शेपटीचा आकडा वर उचलला जातो. धागा नसेल तर दांड्या गजांच्या मधून आरपार जातात, काटा कलतच नाही, आकडा खालीच राहतो.

इथपर्यंत सोपं आहे, खरी मजा पुढे. आकड्याच्या खाली एक हातोडी असते, खाचवाली, आणि ती बरोबर त्याच वेळी मागवाल्याच्या दिशेने झटका मारते. आकडा वर उचललेला असेल तर हातोडी खालून रिकामी निघून जाते. आकडा खाली असेल तर हातोडीच्या खाचेत अडकतो, हातोडी काट्याला त्याच्या घोडीसकट, म्हणजे ज्यावर तो बसवलाय त्या आधारासकट, ओढत नेते, घोडी हँडलच्या खटक्याला ढकलते, हँडल खाचेतून सुटतं, पट्टा मोकळ्या पुलीवर जातो, ब्रेक लागतो, खटाक. माग बंद. वीज नाही, सेन्सर नाही, बॅटरी नाही.

हातोडीला हलवणारा कॅम, म्हणजे उंचवटा असलेलं चाक, मागाच्या खालच्या शाफ्टवर असतो. वरचा क्रँक शाफ्ट एका पिकला एक चक्कर मारतो, खालचा त्याच्या निम्म्या स्पीडने, म्हणजे दोन पिकला एक. असं का, तर काटा एकाच बाजूला आहे. धोटा पलीकडच्या पेटीत असतो तेव्हा या बाजूला जाळीसमोर धागा असूच शकत नाही, तेव्हा हातोडी चालली तर चांगला माग विनाकारण बंद पडेल. म्हणून तपासणी दर दुसऱ्या पिकला. ज्यांना हे डोक्यावरून गेलं त्यांनी दोन्ही हात पुढे करून एका हाताचा धोटा करून बघा, मला स्वतःला माग उघडा बघूनसुद्धा तीन दिवस लागले होते.

आता यातली खरी गंमत सांगतो. आपल्याला वाटतं की धागा तुटला की काहीतरी 'होतं' आणि माग थांबतो. उलटं आहे! हातोडी दर दुसऱ्या पिकला निघतेच, रोज, दिवसरात्र, मिनिटाला पंच्याहत्तर वेळा माग स्वतःला बंद करायला निघतो, आणि प्रत्येक वेळी तो एक केसाएवढा धागा आकडा वर उचलून सांगतो की मी आहे, चालू दे. धागा गैरहजर राहिला की त्याला कोणी वाचवत नाही. म्हणजे माग चालू राहण्यासाठी हजेरी द्यावी लागते, बंद पडण्यासाठी काहीच करावं लागत नाही. शाळेत 'गैरहजर कोण ते सांगा' विचारलं तर गैरहजर पोरगा उत्तर देणार कसा, म्हणून मास्तर सगळ्यांना 'हजर' म्हणायला लावतात, तसंच.

काट्याला मर्यादाही आहेत. बाणा मधेच तुटला आणि काठापर्यंत येताना परत कुठे अडकून ताणला गेला तर काट्याला पत्ता लागत नाही. शिवाय हातोडी दुसऱ्या पिकला येते, माग थांबेपर्यंत आणखी एक-दोन फेऱ्या होतात. म्हणून मग मधोमध बसणारा काटा आला, तो प्रत्येक पिक तपासतो.

मध्ये एक गोष्ट बोलून घेतो. एखादा माग सारखा बंद पडायला लागला की काही ठिकाणी लगेच लिंबू-मिरची बांधतात, 'नजर लागली' म्हणतात. दसऱ्याला मागाची पूजा करा, झेंडूचा हार घाला, मला काही अडचण नाही, वर्षभर तो पोटाला घालतो. पण एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता धागे जास्त तुटतात याचं कारण नजर नाही, हवा कोरडी होते हे आहे. कापूस हा असा विचित्र तंतू आहे की ओलसर असताना तो जास्त मजबूत असतो. म्हणून तर चांगल्या शेडमध्ये पाण्याचे फवारे असतात आणि आर्द्रता 75-80 टक्क्यांच्या आसपास ठेवतात. लिंबात पाणी असतं हे खरं, पण ते शेडला पुरत नाही. आणि धागा न तुटताच माग थांबत असेल तर आधी काट्याच्या जाळीत रुई अडकली आहे का बघा. उलट काही महाभाग काटाच सुतळीने बांधून ठेवतात, कारण मजुरी पिकावर, माग थांबला की पैसे थांबले, मग मेंडिंगवाल्या, म्हणजे कापड दुरुस्त करणाऱ्या, बायका बसतात डॅमेज निवडत.

हे झालं बाण्याचं. ताण्याचं काय? तिथे दुखणं मोठं आहे, कारण बाणा एकच असतो आणि ताण्याचे धागे हजारो. 48 इंची कापड, इंचाला 64 धागे धरले तर 3072. त्यातला कुठलाही एक कधीही तुटू शकतो. आणि तुटलेलं टोक गप्प बसत नाही, शेजारच्या धाग्यांत गुंततं, धोट्याची वाट अडवतं, आणि मग एकाच्या जागी वीस तुटतात.

यावरचा उपाय इतका बाळबोध आहे की हसू येतं. प्रत्येक धाग्यावर एक पातळ स्टीलची पट्टी लटकवायची. ड्रॉपर म्हणतात. तीन हजार धागे, तीन हजार ड्रॉपर. धागा ताणलेला आहे तोवर पट्टी वर, धागा तुटला की पट्टी खाली. न्यूटन आपलं काम करतो. मेकॅनिकल प्रकारात खाली करवतीसारखी दातेरी पट्टी सरकत असते, त्यात ड्रॉपर पडला की ती अडकते आणि तिथून हँडल सुटतं. इलेक्ट्रिक प्रकारात ड्रॉपरच्या खाचेतून एक दांडी जाते, त्यात दोन धातू एकमेकांपासून इन्सुलेशनने वेगळे ठेवलेले. ड्रॉपरच्या खाचेची वरची कड मुद्दाम तिरकी कापलेली असते म्हणजे पडल्यावर तो थोडा कलतो आणि दोन्ही धातूंना एकदम टेकतो, सर्किट पूर्ण, माग बंद.

पण बघा, इथे तर्क बदलला. इथे धागा तुटल्यावर काहीतरी व्हावं लागतं, करंट वाहावा लागतो. दांडीवर रुई आणि सायझिंगची (ताण्याला लावलेल्या खळीची) पावडर साचली तर ड्रॉपर पडूनही करंट जात नाही आणि माग बिनधास्त चालतो. म्हणून ड्रॉपरची साफसफाई ही चैन नाही. माझ्या मते तर्काच्या बाबतीत तो जुना काटाच भारी.

इतिहास थोडक्यात. लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्नच्या केनवर्दी आणि बुलो या जोडीने 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला मागात ज्या सुधारणा केल्या त्यात बाणा तुटल्यावर थांबण्याची सोयही होती, तोच लँकेशायर माग. पुढे 1890 च्या दशकात अमेरिकेत ड्रेपर कंपनीने नॉर्थ्रप माग आणला. तो संपलेली कांडी चालू मागातच आपोआप बदलायचा, आणि त्याच्यासोबत ताण्याची थांबण्याची सोय दिली, कारण कांडी भरायला माणूस जवळ येणारच नसेल तर तुटलेला ताणा बघणार कोण? टोयोडाने 1896 मध्ये जपानमधला पहिला पॉवरलूम बनवला आणि 1924 चा त्याचा जी-टाईप ऑटोलूम खरंच कमाल होता, फुल स्पीडला न थांबता धोटा बदलायचा. 1929 मध्ये त्याचे पेटंट हक्क 1 लाख पौंडांना कोणी घेतले माहितीये? प्लॅट ब्रदर्सने, म्हणजे त्याच लँकेशायरमधल्या ओल्डहॅमच्या कंपनीने. फॉरवर्डमध्ये हे टाका की, जास्त मजा येईल.

आता शटललेस, म्हणजे धोटा नसलेले, माग आले. रॅपियरवर, म्हणजे दांड्याने बाणा ओढून नेणाऱ्या मागावर, बाणा सिरॅमिकच्या छोट्या डोळ्यातून घासत जातो आणि त्या थरथरीवर पिझो क्रिस्टल व्होल्टेज देतो, गॅस लायटरमध्ये असतो तोच गुण. थरथर बंद म्हणजे धागा नाही, माग बंद. परत हजेरीचाच तर्क! हवेच्या झोताने बाणा फेकणारा एअरजेट माग मिनिटाला सहज 600 पिक मारतो, एक पिक सेकंदाच्या दहाव्या भागात, तिथे लोखंडी काट्याची काय टाप. तिथे प्रकाशावर चालणारे दोन डोळे असतात. पहिला डोळा धागा जिथे पोचायलाच हवा तिथे. दुसरा त्याच्याही थोडा पुढे, जिथे धागा कधीच पोचायला नको. दुसऱ्याला धागा दिसला तर तो मधेच तुटून हवेबरोबर पुढे उडून आलाय. साध्या मागाच्या काट्याला जे तुटणं सापडत नव्हतं त्यातलं बरंच हा दुसरा डोळा पकडतो.

घरात साधा सुती पंचा किंवा मांजरपाट असेल तर एकदा उजेडासमोर धरून बघा. कुठेतरी या काठापासून त्या काठापर्यंत एक सरळ, विरळ आडवी रेघ दिसली तर बहुतेक तिथे बाणा तुटलेला, माग एक-दोन पिक उशिरा थांबलेला आणि कोणीतरी नवीन कांडी घालून हँडल परत ओढलेलं.