आमवातातील श्रवण आणि तोल

आमवात, म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हातापायांच्या सांध्यांचा आजार म्हणून ओळखला जातो. पण सांधे कानातही असतात. मध्यकर्णातली हातोडी, ऐरण आणि जेमतेम ३ मिमी उंचीची रिकीब ही हाडे ज्या दोन सांध्यांनी जोडलेली असतात, त्यांना बोटांच्या सांध्यांसारखेच सायनोव्हियल अस्तर, म्हणजे वंगणासारखा द्रव तयार करणारा पातळ पडदा, असते. त्यामुळे हेच सांधे आखडून बहिरेपणा येत असेल, असा कयास साहजिकच बांधला गेला. टिंपॅनोमेट्रीत, म्हणजे कानातला हवेचा दाब बदलून पडद्याची हालचाल मोजणाऱ्या चाचणीत, हाडांच्या या साखळीचा ताठरपणा किंवा सैलपणा बदललेला दिसतोही. पण त्याने ऐकणे फारसे बिघडत नाही.

प्रत्यक्षात जास्त आढळते ती आंतरकर्णातली हानी. ती बहुधा दोन्ही कानांत असते आणि उंच स्वरांपासून सुरू होते. ऑडिओग्रामची, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखाची, रेषा २००० हर्ट्‌झपर्यंत जवळपास सरळ जाते आणि ४००० ते ८००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात खाली घसरते. अशा माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाही. ‘साठ’ म्हटले की ‘आठ’ ऐकू येते, कारण ‘स’ची सारी ओळख वरच्या स्वरांत असते. उतारवयातला बहिरेपणाही असाच दिसतो, म्हणून समवयस्क निरोगी व्यक्तींशी तुलना केल्याशिवाय दोष आमवाताच्या माथी मारता येत नाही.

कारणांबद्दल एकमत नाही. आंतरकर्णाला रक्त पुरवणाऱ्या धमनीला पर्यायी वाट नसते, त्यामुळे रक्तवाहिन्यांचा दाह तिथे महागात पडू शकतो. औषधांचाही वाटा असतो. ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेने कानात गुणगुण होते आणि ऐकू कमी येते. मात्रा उतरवली की सहसा दोन्ही ओसरतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या आमवातावरच्या औषधाने श्रवणहानी क्वचितच होते, पण झालेली हानी दर वेळी भरून येतेच असे नाही.

तोलाचे कोडे अधिक अवघड. आंतरकर्ण, डोळे आणि पायांच्या सांध्यांकडून येणारी जाणीव या तिघांवर तोल उभा असतो, आणि आमवातात तिसरा आधार आधीच डळमळीत असतो. घोटा सुजलेला माणूस डोळे मिटल्यावर झुलला, तर त्यात कानाचा दोष किती आणि घोट्याचा किती, हे निव्वळ उभे करून पाहिल्याने ठरत नाही. म्हणून व्हेम्प (आवाज ऐकवून स्नायूंचा प्रतिसाद मोजणे) किंवा व्हीडिओ हेड इम्पल्स (डोके झटकन वळवून डोळ्यांची हालचाल कॅमेऱ्याने टिपणे) यांसारख्या, थेट आंतरकर्ण तपासणाऱ्या चाचण्या लागतात.

इथे एक खबरदारी फार मोलाची. आमवात बराच जुना असेल तर मानेचे पहिले दोन मणके एकमेकांवरून सरकू लागलेले असू शकतात. हेड इम्पल्समध्ये डोक्याला झटका द्यावा लागतो आणि डोक्याच्या स्थितीनुसार येणारी चक्कर तपासणाऱ्या डिक्स-हॉलपाइक चाचणीत मान वळवून मागे टाकावी लागते. अशा मानेत मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका असतो. त्यामुळे संशय असल्यास मान वाकवून काढलेला एक्स-रे आधी पाहतात, आणि गरज पडल्यास मानेला धक्का न लावता, कानात कोमट-गार पाणी किंवा हवा सोडून कॅलरिक चाचणी करतात.