पुस्तक मिटून सुरू होणारा धडा

एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आणि त्याच्या आदल्या दिवशी, अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती मंडळीची जनरल कॉन्फरन्स भरते. सुमारे २१ हजार आसनांच्या सभागृहातून मंडळीचे नेते बोलतात, जगभरचे सभासद ते ऐकतात, आणि पुढचे सहा महिने हीच भाषणं प्रौढांच्या वर्गाचा अभ्यासक्रम होतात. जानेवारी २०१९ पासून रविवारची उपासना तीन तासांवरून दोन तासांवर आली. तेव्हापासून पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी संडे स्कूल, म्हणजे शास्त्रग्रंथाचा वर्ग, असतं. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी स्त्रियांचा वर्ग रिलीफ सोसायटी या त्यांच्या संघटनेत भरतो, पुरुषांचा एल्डर्स कोरम या त्यांच्या गटात. वर्ग ५० मिनिटांचा. सूचना, प्रार्थना आणि उशिरा येणाऱ्यांसाठी खुर्च्या लावण्यात जाणारा वेळ धरला, तर शिकवायला जेमतेम ३५ ते ४० मिनिटं उरतात. तेवढ्यात लक्षात राहील असा धडा कसा घ्यायचा, त्याविषयी हे टिपण.

धडा घेणारी व्यक्ती पगारी शिक्षक नसते. मंडळीतल्याच कुणाकडे तरी ही सेवा सोपवलेली असते. समोर बसलेल्यांनी भाषण ऐकून कधी दोन आठवडे झालेले असतात, कधी पाच महिने, आणि काहींनी ते ऐकलेलंच नसतं. अशा वेळी सगळ्यात सोपा वाटणारा मार्ग म्हणजे भाषणाचा छापील मजकूर हातात घेऊन प्रत्येकाने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचा. सगळ्यांचा सहभाग झाला असं वाटतं, पण स्मृतीच्या दृष्टीने हा प्रकार फारच तोट्याचा आहे.

त्याचं कारण १९७३ साली माल्कम ब्रेनर यांनी प्रयोगातून दाखवलं. माणसांना एकत्र बसवून पाळीपाळीने शब्द वाचायला लावले. आपली पाळी येण्याआधीच्या काही सेकंदांत इतरांनी जे वाचलं, ते लोकांना सर्वांत कमी आठवलं. आपला परिच्छेद कोणता, त्यात अवघड शब्द आहे का, आवाज नीट निघेल का, यातच लक्ष अडकून राहतं. रांगेने वाचन असेल तर वर्गातला प्रत्येक जण कधी ना कधी याच अवस्थेतून जातो. ज्यांची नजर अधू आहे किंवा ज्यांची ती भाषा मातृभाषा नाही, त्यांच्यासाठी तर पाळी येईपर्यंतची सगळी मिनिटं भीतीत जातात. त्यामुळे वाचन करायचं तर मनातल्या मनात करावं, किंवा आदल्या दिवशी विचारून तयार झालेल्या एकाच व्यक्तीने करावं.

उपक्रम निवडताना माझी कसोटी एकच आहे: यात प्रत्येकाला स्वतःच्या डोक्यातून काही बाहेर काढावं लागतंय का? सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली केलेला प्रयोग इथे नेमका लागू पडतो. विद्यार्थ्यांना सूर्य आणि समुद्री ऑटर (पाणमांजर) यांच्यावरचे छोटे उतारे वाचायला दिले. एका वेळी त्यांनी उतारा दुसऱ्यांदा वाचला, दुसऱ्या वेळी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचलेलं पुढे होतं: ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने विचारल्यावर चित्र उलटलं. पुन्हा वाचलेलं ४२ टक्के उरलं, आठवून लिहिलेलं ५६ टक्के. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्या लक्षात जास्त राहील असा भरवसा होता. म्हणून वर्ग संपल्यावर “छान झाला धडा” असं सगळे म्हणाले तरी त्यावरून काय शिल्लक राहील ते कळत नाही.

प्रत्यक्षात हे कसं करायचं, ते एका खऱ्या भाषणावरून पाहू. ऑक्टोबर २०१० च्या कॉन्फरन्समध्ये मंडळीचे एक नेते डीटर एफ. उक्टडॉर्फ आयुष्याचा वेग कमी करण्याविषयी बोलले. ते लुफ्तहान्साचे माजी वैमानिक. प्रतिकूल हवामानात झाडं आपली वाढ मंद करतात आणि ताकद जगण्यासाठी वापरतात, हा त्यांचा एक दाखला. खवळलेल्या हवेतून जाताना जाणता वैमानिक विमानाचा वेग बहुधा कमी करतो, हा दुसरा. शेवटी ते चार नात्यांवर येतात: देवाशी, कुटुंबाशी, इतर माणसांशी आणि स्वतःशी. चार हा आकडा शिकवणाऱ्याच्या सोयीचा आहे, कारण नेल्सन कोवन यांच्या २००१ च्या मांडणीनुसार माणसाची कार्यकारी स्मृती, म्हणजे विचार करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी स्मृती, एका वेळी साधारण चारच गोष्टी पेलते. ज्या भाषणात नऊ मुद्दे आहेत, त्यातले सहा धड्याच्या तयारीतच गाळावेत. हा अनादर नव्हे, कारण पूर्ण भाषण घरी वाचायला असतंच.

आदल्या आठवड्यात भाषणातला २५० ते ३०० शब्दांचा एकच उतारा निवडावा आणि अर्ध्या पानावर १४ पॉइंटच्या ठसठशीत अक्षरात छापावा. प्रौढ माणूस इंग्रजी माहितीपर मजकूर मनात मिनिटाला साधारण २४० शब्दांच्या वेगाने वाचतो, म्हणजे हिशोबाने सव्वा मिनिट पुरतं. तरीही तीन मिनिटं द्यावीत, कारण सर्वांत सावकाश वाचणाऱ्याने शेवटची ओळ गाठायला हवी. कागद माणसांपेक्षा चार जास्त घ्यावेत, आणि पेन्सिली तर नक्कीच घ्याव्यात. उपक्रम फसतो तो बहुतेकदा पेन्सिलीवाचून.

वर्ग सुरू झाला की आधी कोरं कार्ड वाटावं, छापील उतारा नाही. दोन मिनिटं, पुस्तक आणि मोबाइल बंद, भाषणातलं जे आठवेल ते लिहायचं. कुणी एखादाच शब्द लिहील, कुणी काहीच नाही. तेही चालतं. आठवण्याची धडपड फसली तरी लगेच नंतर योग्य उत्तर समोर आलं तर शिकणं पक्कं होतं, असं नेट कॉर्नेल, मॅथ्यू हेज आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांच्या २००९ च्या प्रयोगांत दिसलं. “लगेच नंतर” हे शब्द मात्र महत्त्वाचे. चुकीचं आठवलेलं दुरुस्त न करता सोडलं तर तेच पक्कं होऊन बसतं. म्हणून कार्ड लिहून झाल्या झाल्या उतारा वाटावा, तीन मिनिटं वाचू द्यावं, मग कागद पालथा करून शेजारच्याला दोन वाक्यांत सांगायला लावावं. ज्याने भाषण कधीच ऐकलं नव्हतं तोही आता बरोबरीने बोलू शकतो. हे कार्ड गोळा करू नये आणि कुणाला मोठ्याने वाचायला लावू नये. परीक्षेचा वास आला की प्रौढ माणूस मिटतो.

आता प्रश्न. “वेग कमी करणं का महत्त्वाचं आहे?” हा प्रश्न दिसायला बरा आहे, पण त्याचं उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, त्यामुळे प्रार्थना करावी, शास्त्रवचनं वाचावीत अशी ठरलेली उत्तरं येतात आणि विषय तिथेच थांबतो. त्याऐवजी विचारा: खडतर हवेत नवशिक्या वैमानिकाला वेग वाढवावासा वाटतो, त्याला ते बरोबर का वाटत असेल? इथे विचार करावाच लागतो. आणखी चांगला प्रश्न: ही उपमा कुठे अपुरी पडते? दोन नोकऱ्या करणारी आई वेग कमी कसा करणार? थोडं भौतिकशास्त्र इथे कामी येतं. झंझावाताचा पंखांवर येणारा ताण वेगाबरोबर वाढतो, म्हणून वैमानिक सावकाश जातो. पण वेग फारच कमी केला तर पंखांची उचल सुटून विमान कोसळू शकतं. दोन्हींच्या मधला एक ठरावीक वेग असतो. हे फळ्यावर एका रेषेत काढून दाखवलं की चर्चा “कमी करा” वरून “किती आणि काय कमी करायचं” याकडे वळते, आणि ती आईही त्यात भाग घेऊ शकते. दाखल्याचा आतला व्यवहार शिक्षकाला माहीत असला की धड्यात जीव येतो, हा माझा ठाम अनुभव आहे.

प्रश्न विचारला की थांबावं. मेरी बड रोव यांनी १९७० च्या दशकात शाळांच्या वर्गांत मोजलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंद थांबत होते. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबली, नेमकी झाली आणि एरवी गप्प बसणारेही बोलू लागले. प्रौढांना स्वतःच्या आयुष्याबद्दल विचारत असाल तर मनात दहापर्यंत मोजावं. शांतता शिक्षकाला जितकी लांब वाटते तितकी विचार करणाऱ्याला वाटत नाही.

गटांचा हिशोब साधा आहे. चोवीस माणसं आणि बारा मिनिटांची एकत्र चर्चा म्हणजे प्रत्येकाला सरासरी अर्धं मिनिट, आणि तेही चार-पाच जण वापरून टाकतात. तीच बारा मिनिटं जोड्यांत दिली तर प्रत्येकाला सहा. मेरिलंड विद्यापीठातल्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली रीत अजूनही सर्वांत भरवशाची आहे: आधी एकट्याने विचार, मग जोडीत बोलणं, मग सगळ्यांसमोर. पहिली पायरी गाळली की जोडीतला बोलका माणूस दुसऱ्याचंही बोलून टाकतो. पाच-सहा जणांच्या गटात आणखी एक अडचण असते. बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवलं की गटात माणूस एकट्यापेक्षा कमी जोर लावतो, टाळ्या वाजवतानासुद्धा. म्हणून तीन, फार तर चार जण. एका खोलीत आठ गट बोलू लागले की कमी ऐकू येणाऱ्यांना काहीच कळत नाही. त्यांचा गट भिंतीकडच्या कोपऱ्यात बसवावा आणि शेजारच्या गटापासून दीड-दोन मीटर अंतर ठेवावं.

भाषणाचे चार तुकडे करून चार गटांना देणं आणि मग प्रत्येक गटातला एकेक माणूस घेऊन नवे गट बांधणं, ही जिगसॉ पद्धत एलियट ॲरनसन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांसाठी काढली. रविवारच्या वर्गात तिला किमान २५ मिनिटं लागतात आणि मधेच कुणी मुलाला घ्यायला बाहेर गेलं की एका गटाचा एक तुकडा गायब होतो. दर तुकड्याला दोन माणसं नेमता येत नसतील तर तिच्या वाटेला न जाणंच बरं.

वस्तू दाखवून शिकवण्याची हौस पुष्कळांना असते: काचेच्या बरणीत दगड आणि वाळू, चॉकलेटं, रिबिनी बांधलेली चिठ्ठी. मजकुराशी सैल संबंध असलेले रंजक तपशील मूळ मुद्द्याची आठवण कमी करतात, असं वाचनावरच्या संशोधनात वारंवार आढळलं आहे. वस्तूबद्दल एकच विचारावं: ती काढून घेतली तर मुद्दा समजायला अडचण येईल का? झाडाच्या खोडाची आडवी चकती इथे चालेल, कारण वाढ मंदावलेल्या वर्षांची अरुंद वलयं बोटाने मोजता येतात. चॉकलेटचं विमान नको.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवावीत. “मी यापुढे कुटुंबाला जास्त वेळ देईन” असा संकल्प मंगळवारपर्यंत विरतो. पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनात प्रसंग आणि कृती जोडलेले संकल्प जास्त पाळले गेले: जेवणाचं ताट वाढलं की फोन स्वयंपाकघराच्या खणात. कार्डाच्या मागच्या बाजूला असं एकच “जेव्हा–तेव्हा” लिहायला सांगावं आणि ते कुणालाही दाखवायचं नाही हे आधीच सांगावं. वर्गात विधवा असतात, घटस्फोटित असतात, ज्यांचं घरी बोलणं बंद आहे असेही असतात.

कार्ड शास्त्रग्रंथात ठेवून घरी न्यावं. दुसऱ्या रविवारनंतर चौथा रविवार चौदा दिवसांनी येतो. चौथ्यानंतर पुढच्या महिन्याचा दुसरा चौदा दिवसांनी, महिन्यात पाच रविवार असले तर एकवीस. विसरायला लागण्याइतकं आणि पूर्ण न विसरण्याइतकं हे अंतर आहे. त्या दिवशी नवा धडा उघडण्याआधी तीन मिनिटं जुन्याला द्यावीत: कार्ड न बघता चार नाती कोणती ते शेजारच्याला सांगा, मग कार्ड काढून ताडून पाहा. जे घरी विसरले असतील त्यांच्यासाठी दोन-तीन कोरी कार्डं जवळ ठेवावीत.