पासिंगआधी मागचे ब्रेक

खासगी गाडीची नोंदणी सुरुवातीला १५ वर्षांची असते. ती संपली की गाडी आरटीओत दाखवून पुढच्या ५ वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यावं लागतं. त्या पासिंगआधी लोक डेंट काढतात, रंग मारून घेतात, हेडलाइट, हॉर्न, पीयूसी पाहतात. मागचे ब्रेक बहुतेक वेळा राहून जातात, कारण गाडी थांबते आहे ना! मारुती ८००, जुनी ऑल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका अशा गाड्यांत पुढे डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी पॅडने दाबणारे ब्रेक) आणि मागे ड्रम (चाकासोबत फिरणाऱ्या डब्याला आतून दाबणारे ब्रेक) असतात. गाडी थांबते एवढ्यावरून त्या मागच्या ड्रमच्या तब्येतीबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही.

याचं कारण वजनात आहे. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, म्हणजेच मागच्या चाकांवरचा भार कमी होऊन पुढच्या चाकांवर वाढतो. किती वाढतो, ते काढणं सोपं आहे. दोन माणसांसह ८०० किलोची छोटी गाडी धरू. उभी असताना तिचे ४८० किलो पुढच्या चाकांवर आहेत आणि ३२० मागच्या. दोन आसांमधलं अंतर २.२ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच. गुरुत्वीय त्वरणाच्या ०.७ पट इतक्या जोराने ब्रेक लावला, तर सुमारे १२७ किलोचा भार मागून पुढे सरकतो. आता पुढे ६०७ आणि मागे फक्त १९३. एकूण भाराचा चौथा हिस्सासुद्धा मागच्या टायरांवर उरत नाही आणि टायरची पकड त्याच्यावरच्या भाराच्या प्रमाणातच असते. त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचे डिस्कच करतात. मागचे ड्रम निम्मे निकामी झाले, तरी रोजच्या गर्दीतल्या हलक्या ब्रेकिंगमध्ये ते चालवणाऱ्याला जाणवतही नाही.

मागचे ब्रेक पुढच्यांपेक्षा कमजोर ठेवणं ही मुळात कंपनीचीच योजना असते. मागची चाकं आधी जाम झाली, तर घसरणाऱ्या टायरची आडवी पकड संपते आणि गाडीची शेपटी पुढे यायला बघते. म्हणून मागे जाणारा दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह अनेक गाड्यांत असतो. पण योजून ठेवलेली कमजोरी वेगळी आणि गंज, गळती, झीज यांनी आलेली कमजोरी वेगळी.

तपासणीत हा फरक कुठे दिसतो, हे तपासणीच्या पद्धतीवर अवलंबून आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे राज्यातल्या आरटीओंना ब्रेक तपासणीसाठी २५० मीटरचे ट्रॅक उभारावे लागले. ट्रॅकवर गाडी पळवून थांबवली की वजन पुढे सरकतं आणि मागचे ब्रेक पुढच्यांच्या आड लपू शकतात. स्वयंचलित तपासणी केंद्रातल्या रोलरवर ती सोय नाही. तिथे एका वेळी एकाच आसाची दोन चाकं रोलरवर असतात. मोटर ती सावकाश फिरवते, तुम्ही ब्रेक दाबता आणि प्रत्येक चाक रोलरला किती बळाने अडवतं ते यंत्र मोजतं. गाडी जागेवरच असल्यामुळे भार पुढे सरकत नाही, मदतीला पुढचे डिस्क नाहीत आणि डाव्या-उजव्या चाकांतली तफावतही लगेच आकड्यात दिसते. शिवाय या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या ड्रमवरच चालतो. म्हणजे त्याच ड्रमची परीक्षा दोनदा होते.

हँडब्रेकच्या आकड्याला सरळ भौतिक अर्थ आहे. युरोपातल्या तपासणीत त्याचं बळ गाडीच्या वजनाच्या किमान १६ टक्के असावं लागतं. याचा अर्थ, शंभर मीटरला सोळा मीटर चढणाऱ्या उतारावर तो गाडी धरून ठेवू शकला पाहिजे.

आता ड्रमच्या आत पाहू. वर व्हील सिलिंडर, त्याच्या दोन बाजूंना अर्धचंद्रासारखे दोन ब्रेक शू, शूवर लायनर, म्हणजे ड्रमवर घासणारा थर, आणि खाली दोन्ही शूंचा टेकू. पॅडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब सिलिंडरच्या पिस्टनांना बाहेर ढकलतो आणि शू फिरत्या ड्रमवर टेकतात. गाडी पुढे जात असताना पुढच्या बाजूच्या शूला ड्रम स्वतःच टेकूकडे ओढतो आणि तो शू आणखी घट्ट बसतो. दाराखाली सारलेली पाचर दार ढकललं की जास्तच रुतते, तसं. मागच्या बाजूच्या शूला मात्र ड्रम दूर लोटतो. स्वतःला आवळून घेण्याच्या या गुणामुळे कमी दाबात चांगलं काम होतं, पण त्याची किंमतही आहे. आवळणारं बळ घर्षणातूनच येत असल्यामुळे लायनरचं घर्षण निम्मं झालं, तर ब्रेकचं बळ निम्म्याहूनही खाली जातं. एका चाकाचं सिलिंडर जरासं गळून त्या बाजूचे लायनर ओले झाले की रोलरवर डाव्या-उजव्यातली तफावत इतकी मोठी का दिसते, याचं उत्तर इथे आहे.

कमजोरीचं सर्वांत नेहमीचं कारण मात्र गळती नसतं, तर शू आणि ड्रम यांच्यात वाढलेलं अंतर असतं. लायनर झिजतात तसं हे अंतर भरून काढायला आत दातेरी ॲडजस्टर असतो. धूळ आणि गंज बसला की तो अडकतो. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत हे आणखी लवकर होतं. मग पॅडलचा बराचसा प्रवास शू ड्रमपर्यंत पोचवण्यातच जातो आणि हँडब्रेकही वर वर येत जातो.

इथे सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे हँडब्रेकची केबल टाइट करून देणे. मला हा उपाय घातक वाटतो. केबल फार ताणली की ड्रममधला हँडब्रेकचा लिव्हर आपल्या मूळ जागी परत टेकत नाही. अनेक गाड्यांत ॲडजस्टरचं काम तो लिव्हर पूर्ण मागे जाण्यावरच अवलंबून असतं. म्हणजे केबल आवळून आपण ॲडजस्टरच बंद पाडतो. हँडब्रेक दोन दिवस छान लागतो आणि पायाचा ब्रेक हळूहळू आणखी खाली जातो. बरोबर क्रम असा: केबल सैल करायची, ॲडजस्टर साफ करून मोकळा करायचा, शूंचं अंतर जुळवायचं आणि केबल सगळ्यात शेवटी ताणायची.

घाटात हेच अंतर जिवावर बेतू शकतं. तापलेला ड्रम प्रसरण पावतो आणि शूपासून दूर जातो. १८० मिलिमीटर व्यासाचा बिडाचा ड्रम २०० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे ०.४ मिलिमीटरने वाढतो. अंतर आधीच जास्त असेल, तर बोरघाट उतरताना पॅडल आणखी खाली जाणार. डिस्कचं तसं होत नाही; ती तापली की पॅडच्या दिशेनेच जाड होते.

दुसरा शत्रू पाणी. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते, त्यात ३.७ टक्के पाणी शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. मागची व्हील सिलिंडरं मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पॅडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या सिलिंडरपासून, सर्वांत लांब असतात. तिथलं ऑइल क्वचितच बदललं जातं, म्हणून पिस्टन आतून गंजून अडकतात आणि रबरी सील फाटतात. ब्रेक ऑइलच्या टाकीत भरायला इंजिन ऑइल किंवा दुसरं खनिज तेल कधीही वापरू नये. त्याने ही रबरं फुगतात आणि सगळी यंत्रणाच बदलावी लागते. ओम्नीसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत आणखी एक वाट असते: एक्सलचं सील गेलं की गिअर ऑइल थेट ड्रममध्ये उतरतं.

गॅरेजात नेण्याआधी पॅडलकडूनच बरंच कळतं. पहिल्यांदा दाबल्यावर खोल गेलं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वरच लागलं, तर बहुधा शूंचं अंतर वाढलं आहे. स्पंजसारखं मऊ लागलं, तर नळ्यांत हवा आहे. दाबून धरल्यावर सावकाश खाली जात राहिलं, तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून गेलं आहे आणि अशी गाडी चालवत नेऊच नये. मागच्या टायरची आतली बाजूही पाहावी. तिथला ओलसर डाग म्हणजे बहुतेक वेळा व्हील सिलिंडर.

ड्रम उघडताना तो निघत नसेल, तर हातोडे घालू नयेत. बऱ्याच ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट आवळत नेले की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. आतली धूळ हवेच्या पाइपाने उडवू नये, कारण जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसांत गेला की आयुष्यभर राहतो. ओल्या फडक्याने पुसावी. मेकॅनिक हवा मारायला लागला, तर त्याला थांबवा. हा धोका सगळ्यात जास्त त्यालाच आहे. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा पॉलिश पेपरने घासून परत बसवण्यात अर्थ नाही. गळती बंद करून दोन्ही चाकांचे शू एकदमच बदलावेत, म्हणजे डावं-उजवं सारखं राहतं. ड्रमला आतून चर पडले असतील, तर लेथवर घासून घेता येतो, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या आतच. शेवटी नळ्यांमधली हवा काढून ताजं ऑइल भरायचं.

आणि हे सगळं पासिंगच्या आदल्या दिवशी करू नये. नव्या लायनरची गोलाई आणि झिजलेल्या ड्रमची गोलाई तंतोतंत जुळत नाही. सुरुवातीला लायनर थोड्याच भागावर टेकतो आणि रोलरवर आकडा कमीच दिसतो. दोन-तीनशे किलोमीटर मध्यम ब्रेक मारत गाडी चालवली की लायनर घासून ड्रमला बसतो. त्यानंतर अंतर आणि केबल पुन्हा एकदा जुळवून घ्यावी आणि मगच गाडी तपासणीला न्यावी.